न सुटलेला कौल

"सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही," मी परागला म्हणालो. "आजवर कोणाचा बसलेला नाही. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं, तेसुद्धा घरी जाऊन म्हणाले, जगू धुरी लोणकढी मारतो."

पराग म्हणजे आमच्या दाजी पेडणेकरांचा नातू. ठाण्याला असतो. दाजी गेल्या वर्षी वारले आणि देवस्थान कमिटीवरची त्यांची जागा याच्याकडे आली. सकाळपासून तो देवळापुढच्या माळावर लांबलचक टेप पसरून मापं घेत होता आणि मधे येणाऱ्या पोरांना "जरा बाजूला व्हा रे" म्हणून हाकलत होता. ऊन डोक्यावर आलं तसा टेप तिथेच टाकून माझ्या छत्र्यांच्या दुकानात शिरला. बाकड्यावर टेकून त्याने सोडा मागितला.

"तात्या, माळावर गाड्या लावायची सोय आणि मागे एक हॉल, असं कमिटीच्या डोक्यात आहे," तो म्हणाला. "पण गावात कोणालाही विचारलं की एकच उत्तर. त्या जागेचा कौल अजून सुटलेला नाही. सुटलेला नाही म्हणजे काय? आणि पुढे सगळे म्हणतात, जगूतात्यांना विचारा."

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला भिकू गुरवाची चंपी अबोलीचा वळेसर गुंफत बसली होती. चंपी म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेली बाई. पण गावात ती चंपीच. बाप गेल्यावर माळदेवाची पूजाअर्चा तिचा भाऊ बघतो आणि फुलं ही. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दोऱ्यात लक्ष घातलं.

मी म्हटलं, ऐका तर.

तेव्हा मी ऐन उमेदीत होतो. दुकान हेच, बाकडं हेच. वैशाख म्हणजे आमच्या धंद्याची धांदल, कारण पावसाच्या तोंडावर अख्ख्या कातळवलीला आपली छत्री आठवते. पण काड्या बसवताना माझी एक नजर माळावर असायची. कातळवली सगळी उतरणीवर. इथे चेंडू हातातून सुटला तर तो थेट वहाळात जाऊन भिजतो. सपाट जागा म्हणून गावात एकच, देवळापुढचा हा माळ. वर कातळाचं पठार, म्हणजे सडा आहे, मोकळा आहे, पण चढ छातीवर येतो. मोठे मुलगे जातात. लहानांना आणि मुलींना तिकडे कोण पाठवणार? ही चंपी तेव्हा सातवीत. हिच्या आईचा नियम असा, की माझ्या चुलीसमोरच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढ्यात खेळ, त्याच्या पलीकडे पाऊल टाकलंस तर घरात बस. आणि त्या खिडकीतून दिसायचा तो माळ. म्हणजे माळ गेला की हिचा खेळ गेला, इतकं ते सरळ होतं. आणि खेळायची कशी? विटीदांडूत हिच्या बरोबरीचा मुलगा गावात नव्हता. एकदा हिने मारलेली विटी देवळावरून गेली, वहाळ ओलांडून गेली आणि पलीकडच्या गावात एका म्हाताऱ्याच्या पेजेत पडली. म्हाताऱ्याला वाटलं, लोणच्याची फोड.

"तात्यानु," चंपी म्हणाली, "गोष्ट सांगा."

तर त्या वर्षी दाजींच्या मनात आलं, माळावर हॉल बांधायचा. मुंबईकरांची लग्नं गावात होतील, मागे स्वयंपाकघर, पुढे मांडव. दाजी कमिटीचे अध्यक्ष. अंगात पांढरा सदरा, बोलणं गोड, आणि माणूस असा की पानाला चुना लावतानाही इकडेतिकडे बघून लावायचा. आता सगळे म्हणतात, दाजी देवमाणूस होते. तेव्हा असं कोणी म्हणत नव्हतं.

"माझ्या आजोबांबद्दल बोलताय," पराग म्हणाला.

"म्हणूनच जपून बोलतोय," मी म्हटलं.

मला पहिला संशय आला तो अभ्यासवर्गावरून. सुट्टी लागल्या लागल्या दाजींनी शाळेच्या पडवीत पोरांसाठी वर्ग काढला. फुकट. शिकवायला त्यांचाच पुतण्या, बंड्या मास्तर. सकाळी पोरं आत जायची ती दिवेलागणीला बाहेर. आया खूश. उन्हातान्हात पोर भटकत नाही, वर पाढे पाठ होतात. मी म्हटलं, सुट्टीत पाढे? ज्या माणसाला स्वतःला सतराचा पाढा येत नाही, त्याला एकदम विद्येचा कळवळा कुठून आला?

ते कळलं कमिटीच्या बैठकीत. दाजी उभे राहिले आणि म्हणाले, "माळ रिकामो पडलोसा. कोण खेळता थंय? दाखवा माका एक पोर."

मी म्हटलं, "पोरां तुम्ही पडवीत कोंडलात, दाजीनु. दिसतली खंयसून?"

"जगू," दाजी गोड हसून म्हणाले, "तुझे लिमलेटचे गोळये खपनत नाय, म्हणान तुझ्या पोटात दुखता."

सगळे हसले. मीही हसलो, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. छत्र्या चार महिने, गोळ्या बारा महिने.

वाद काही मिटेना. शेवटी कोणीतरी म्हणालं, देवाला विचारा. कौल लावा.

आता कौल म्हणजे काय, ते तुम्हाला ठाण्यात कोणी सांगितलं नसेल. आमचा माळदेव उभा आहे, काळ्या दगडाचा, हातात तलवार. त्याच्या छातीवर गुरवाने दोन पाकळ्या लावायच्या, चाफ्याच्या, नुसत्या पाण्याने भिजवून. एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालून बसायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. पाकळी पडली म्हणजे कौल सुटला. आणि याला कातळवलीचे दोन नियम. कौल लावला की सगळ्या मानकरी घरांतल्या मोठ्या माणसांनी, बायामाणसांनीसुद्धा, देवळाची हद्द सोडायची नाही, कौल सुटेपर्यंत किंवा सांजवात लागेपर्यंत. आणि एका जागेचा कौल सुटल्याशिवाय त्या जागेला दुसरा कौल लावायचा नाही, तिथली मातीही उकरायची नाही.

"म्हणजे सगळं गुरवाच्या हातात," पराग म्हणाला.

"बघा, तुम्हीही दाजींचेच नातू. तुम्हाला लगेच सुचलं."

मलाही तेच सुचलं होतं. गाभाऱ्यात गुरवाशिवाय कोणाला जाता येत नाही. पाकळी त्याची, पाणी त्याचं, बोट त्याचं. भिकू गुरव सरळ माणूस. पण सरळ माणसाचाच भरवसा नसतो; वाकड्याचा निदान अंदाज तरी असतो. कौलाची तारीख ठरली त्या संध्याकाळी मी बघितलं, दाजी भिकूच्या अंगणातून बाहेर पडतायत, खाली मान घालून. मी विचारलं, "काय दाजीनु, हयसर खंय?" म्हणाले, "बेल घेवक इल्लंय." हात तर रिकामे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकू आपल्या परसातल्या फणसाला कोयतीने चीर पाडत होता. चीर पाडली, आणि जो पांढरा चीक गळायला लागला तो त्याने फणसाच्या पानाच्या खोल्यात, म्हणजे द्रोणात, धरला. मी कुडणाच्या, म्हणजे कुंपणाच्या, आड उभा. फणसाचा चीक तुम्हाला माहीत आहे का? पाण्याने जात नाही. बोटं एकमेकांना चिकटली तर खोबरेल तेल चोळावं लागतं, तेव्हा कुठे सुटतात. एकदा आमच्या काकांनी चिकाच्या हाताने कपाळाला हात लावला. ते पुढचे तीन दिवस चिंतेत बसल्यासारखे दिसत होते आणि लोक त्यांना भेटायला येत होते.

मी कुडणावरून मान काढली. "भिकू, ह्या काय?"

तो दचकला. "घागर गळता. चीर पडली, तेच्यात भरतंय."

"नवीन घागर मिळत नाय बाजारात?"

"जुनी गळता तवसर नवी कित्याक?"

म्हटलं, वा. आता विचार करा. उजव्या पाकळीला चीक लावला तर ती पडायची नाही, म्हणजे डावी पडणार, माळ वाचणार. डाव्या पाकळीला लावला तर उजवी पडणार आणि माळावर लग्नाच्या पंगती उठणार. चीक तोच, भिकू तोच. प्रश्न एवढाच, की कोणती बाजू. आणि आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन आले होते ते दाजी. मला रात्री झोप नाही. बायको म्हणाली, अहो, घागर गळत असेल. मी म्हटलं, घागर गळत असती तर तो दचकला असता का?

मग मी चंपीला गाठलं. म्हटलं, "गो चंपी, तुमची घागर खरीच गळता?"

ही म्हणाली, "आमच्या घरात चार घागरी असत. खयची?"

बापासारखीच. सरळ उत्तर नाही.

"मी बारा वर्षांची होते," चंपी म्हणाली. तिने गाठ मारून दोरा दाताने तोडला.

आणि कौलाच्या दोन दिवस आधी दाजींनी माळावर फक्की मारून घेतली. पांढऱ्या रेघा. इथे मांडव, इथे कोठी, इथे स्वयंपाकघर. अजून देवाने तोंड उघडलं नव्हतं आणि यांच्या भिंती ठरल्या होत्या. ज्याला देवाचं उत्तर आधीच माहीत आहे, तोच असं करतो. माझी खात्री पटली.

कौलाच्या दिवशी मी सकाळीच देवळात जाऊन पुढचा खांब धरला. खिशात खोबरेल तेलाची बाटली. भिकू पाकळ्या घेऊन आला तसा मी सगळ्या गावासमोर म्हटलं, "भिकू, आधी हातांका तेल लाव. चोळ, आणि मगे साबणान धू."

भिकूचा चेहरा असा झाला, की मला वाईट वाटलं. पण त्याने लावलं. चोळलं. धुतलं. मग दाजी समोरच्या खांबाला टेकून बसले होते ते म्हणाले, "आता जगूचे हात पण हुंगून बघा. छत्रीवाल्याकडे डिंक असता."

तेही झालं. माझे हात चार जणांनी हुंगले. एकजण म्हणाला, सुकटाचा वास येतोय. ते खरं होतं.

तर सांगायचं काय, पाकळ्या लागल्या त्या स्वच्छ हाताने, स्वच्छ पाण्याने. त्यात खोट नाही. भिकूने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा माळदेवा महाराजा, ह्या जाग्यार हॉल बांधूचो की नाय, ह्येचा उत्तर तुझ्या पायाकडे मागतो आसो. उजवी दिलंस तर बांधतलो, डावी दिलंस तर हात लावचो नाय, रे महाराजा." आणि सगळे म्हणाले, "होय महाराजा."

मग बसलो. वारा नाही. पान हलत नव्हतं. मी दाजींवर नजर ठेवून, दाजी माझ्यावर, आणि आम्ही दोघे भिकूवर. भिकू बिचारा जमिनीकडे बघत होता, कारण कुठेही बघितलं तरी कोणीतरी संशय घेणार. एरवी कौल म्हणजे विडा चघळून होईपर्यंतचं काम. त्या दिवशी विडे संपले, पानं संपली, पाकळ्या जागच्या जागी.

"उन्हाने पाणी सुकलं असेल," पराग म्हणाला.

"सुकल्यावर पाकळी पडते, परागशेट. चिकटत नाही."

आणि इथे दाजींचं एक गणित चुकलं. अशी चूक फक्त आमच्या गावातला माणूस करू शकतो. बंड्या मास्तर होता पेडणेकरांच्या घरातला, म्हणजे मानकरी. तो देवळात बसला, अडकला. तो अडकला म्हणजे अभ्यासवर्ग बंद. आणि पोरांचे आईबाप? तेही देवळात. म्हणजे त्या दिवशी, कातळवलीच्या इतिहासात पहिल्यांदाच असेल, कोणत्याही पोराला हाक मारायला घरी कोणी नव्हतं. पाणी भर नाही, दुकानात जा नाही, अभ्यासाला बस नाही. हळूहळू माळ भरला. आधी चंपी आली दांडू घेऊन. मग तिच्या मागून बाकीची. मुली आल्या, कडेवरची पोरं घेऊन आल्या, त्या पोरांना रेघांच्या आत बसवून खेळायला लागल्या. कोणाला घाई नव्हती. असा खेळ मी आयुष्यात बघितला नाही. भांडायला वेळ, भांडण मिटवायला वेळ, आणि परत पहिल्यापासून.

आणि हद्द कसली धरली, तर दाजींची फक्की. आम्हाला आतून ऐकू यायचं. "विटी कोठीत गेली, मेलो." "कोठीत नाय, मांडवात." "स्वयंपाकघराच्या भायर गेली तर दोन डाव."

दाजींच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. शेवटी ते उठले. माळ देवळाच्या हद्दीतच येतो, त्यामुळे तिथवर जायला नियमाची आडकाठी नव्हती. "रेघा पुसतीत माझ्यो," म्हणत ते पायऱ्या उतरले. हातातली काठी उगारलेली. मला वाटलं, आता पोरं पळतील. पण चंपी धावत त्यांच्यापुढे आली.

"दाजीनु, बरा झाला इलात. तुम्हीच सांगा. विटी स्वयंपाकघरात पडली की भायर?"

दाजी थांबले. खाली वाकून त्यांनी रेघ बघितली. आता त्या रेघेचं माप जगात त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? म्हणाले, "ही भिंत नऊ इंच जाड असा. विटी भिंतीत असा. म्हणजे आत."

"म्हणजे तो बाद नाय?"

"नाय."

तेवढ्यात पुढच्या पोराने दांडू उचलला, आणि दाजींच्या तोंडून गेलं, "दांडू असो धरतत? झाडू असा काय तो?" काठी बाजूला ठेवली. दांडू हातात घेतला. सदऱ्याच्या बाह्या वर. त्यांनी विटीच्या टोकावर अलगद टोला दिला, विटी उडाली, आणि हवेतल्या हवेत असा टोल हाणला की विटी गेली ती पार विहिरीपलीकडे, घाणेरीच्या जाळीत.

मी सांगतो, देवळात बसलेल्या माणसांची मान एकाच वेळी वळली. साठीला टेकलेला माणूस. पुढे कोण म्हणालं ठाऊक नाही, पण कोणीतरी म्हणालं, "नेम बरो असा दाजींचो, पण माझो बघा." आणि तो उठला. त्याच्यामागून बंड्या मास्तर उठला. हळूहळू निम्मे मानकरी माळावर. बायका पायऱ्यांवर बसून कोणाचं धोतर सुटतंय ते बघतायत. दोन बाजू पडल्या. दाजी चंपीच्या बाजूला. दाजींचा पुढचा डाव शेवटून दुसरा, आणि ते पुन्हा पुन्हा विचारतायत, कोण बाद झालो, आता कोणाचो डाव. लिंबाखाली उभं राहून त्यांची बोटं नुसती वळवळत होती. समोरच्या बाजूचा तो काळा, ढेंगाळा गडी, त्याने बंड्या मास्तरचा झेल घेतला तो डाव्या हाताने, उलटा पडून...

"एक मिनिट," पराग म्हणाला. "तुम्ही कुठे होतात?"

"मी देवापुढे. खांबाला टेकून. मी हललो नाही."

"आणि कोणी डाव्या हाताने झेल घेतला, ते खांबाला टेकून दिसलं?"

"ऐकलं," मी म्हटलं. "डाव्या हाताच्या झेलाचा आवाज वेगळा येतो."

पराग हसला नाही. त्याने सोड्याची बाटली खाली ठेवली. "ठीक आहे. पुढे."

पुढे काय. मी दिवसभर पाकळ्यांवरून नजर काढली नाही. उन्हं कलली तसे दाजी थकून आत आले, पाणी प्यायले, लिंबाखाली उभं राहून पाय दुखले म्हणाले, आणि पुन्हा आपल्या खांबाला टेकले. चंपी त्यांना डाव आला म्हणून बोलवायला आली. ते गेले. खेळले. बाद झाले. खेळ तसाच चालू. आणि पाकळ्या? जिथल्या तिथे. सांजवात लागली तेव्हा सगळा गाव घामाघूम, पाय पांढरे फक्कीने, देवापुढे येऊन उभा राहिला. उजवी तिथेच. डावी तिथेच. भिकूने वात लावली आणि म्हणाला, "देव विचारात असा. कौल सुटाक नाय."

मला वाटलं, आता दाजी भांडणार. अध्यक्ष माणूस, फक्की मारलेली, मुंबईकरांना पत्रं गेलेली. पण दाजी म्हणाले, "देव विचारात असा तर असा. देवाक घाई करूची नाय." आणि घरी निघाले. खरं सांगतो, हे मला कधी उमगलं नाही. ते इतक्या मुकाट्याने कसे गेले? जाताना भिकूच्या पडवीत थांबले, आणि मी बघितलं, चंपीची आई त्यांच्या हातांवर तेल ओततेय. मी विचारलं तर म्हणाले, "दांडू धरून हात सोलले."

त्यानंतर कोणी त्या जागेची माती उकरली नाही. कौल लागलेलाच आहे. पुढच्या शिमग्याला दाजींनी देवाला चांदीचं कवच दिलं, गळ्यापासून कमरेपर्यंत. पाकळ्यांना धक्का लागू नये म्हणून. त्याखाली त्या दोन्ही पाकळ्या आजही आहेत. आणि ताज्या आहेत. श्रावणात गाभाऱ्यात चाफ्याचा वास येतो, तो कुठून येतो? आवारात तर चाफा उरलेला नाही.

मी थांबलो. परागने माळाकडे बघितलं. बाहेर पोरांनी त्याच्या पसरलेल्या टेपचीच रेघ धरली होती.

"तात्या," तो म्हणाला, "मला हे सगळं कोणीतरी बनवलेलं वाटतं. देव विचारात, चांदीचं कवच. कोणाच्या तरी फायद्याचं. आणि तुमच्या गोळ्या अजून त्याच बरणीत आहेत."

"बरणी बदलली," मी म्हटलं.

"मी उद्या कमिटीला सांगून कवच काढायला लावतो. खाली पाकळ्या नसतील, तर कौल केव्हाच सुटला असं धरू आणि कामाला लागू."

हे मात्र मला परवडणारं नव्हतं. मी सरसावून बसलो. "काढा की. पण खाली पाकळ्या असल्या, आणि तुमच्या धक्क्याने डावी पडली, तर? कायमचा नकार. तुमच्या आजोबांनी जे केलं नाही ते तुम्ही करणार. आणि मी सांगतो ना, मी होतो तिथे. त्या दिवशी सकाळपासून सांजवातीपर्यंत मी पापणी हलवली नाही. पाकळ्यांना कोणाचं बोट लागलं नाही. माळदेवाची शपथ..."

"खोटं," चंपी म्हणाली.

तिने वळेसर मांडीवर ठेवला. आवाज चढवला नव्हता. दाजींच्या नातवाकडे बघूनच ती बोलत होती.

"शपथ घेऊ नका, तात्यानु. तुम्ही देवळात नव्हतात. तुम्ही होतात घाणेरीच्या जाळीत, विटी शोधत. समोरच्या बाजूचा तो काळा, ढेंगाळा गडी, तो तुम्हीच. खांबाला कोणीच नव्हतं. देवळात दोघेच होते, माझे बाबा आणि दाजी.

"मी दाजींना बोलवायला गेले ते पायऱ्या चढून आत. बाबा गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभे होते आणि त्यांच्या तळहातावर पाकळी होती. बाबा म्हणाले, 'उजवी सुटली, दाजीनु. कौल तुमचो. हाक मारू सगळ्यांका?' मला रडूच आलं. मी दारात तशीच उभी. मग मला काय सुचलं नाही, म्हणून ज्या कामाला आले होते तेच बोलले. म्हटलं, 'दाजीनु, तुमचो डाव इलो.'

"दाजींनी पाकळीकडे बघितलं. मग बाहेर बघितलं. मग बाबांना विचारलं, 'भिकू, घागरीचो चीक उरलोसा?' बाबा म्हणाले, आसा. दाजी म्हणाले, 'हाड. उजवी परत लाव.' मी धावत जाऊन घरातून तो पानाचा खोला आणला. तो दाजींनी स्वतः धरला, म्हणून हात चिकटले त्यांचे. बाबांनी उजवी लावली. मग दाजी म्हणाले, 'डावेक पण लाव. ती सुटली तर गाव माका हसतलो.' मला म्हणाले, 'मी असंय तवसर ह्या कोणाक सांगूचा नाय.' ते असेपर्यंत नाही सांगितलं.

"बाबा म्हणाले, 'दाजीनु, देवान दिलेलो हॉल, असो परत करतत?'

"दाजी तोवर पायऱ्या उतरायला लागले होते. बाह्या वर करत म्हणाले, 'हॉल खंय पळान जाता? माझो डाव जातलो.'"